गांजा सोडणाऱ्या बंधूची सेवा

शास्त्रपाठ : १ राजे १९:१–८, मार्क ५:१–२०, लूक १०:३३–३५

दारूच्या व्यसनाविषयी आपल्या मंडळ्यांत वारंवार बोलणे होते. प्रवचने होतात, शपथा दिल्या जातात, दारू सोडलेल्या बंधूंच्या साक्षी ऐकावयास मिळतात. गांजाविषयी मात्र आपण बहुधा मौन धरितो. चिलीम ओढणारा मनुष्य रस्त्यात आरडाओरड करीत नाही. तो पाराच्या कडेला किंवा मळ्यातल्या खोपीत निमूट बसून राहतो. म्हणून त्याचे व्यसन कोणाच्या डोळ्यांत सलत नाही, आणि दहा-पंधरा वर्षे अशीच निघून जातात. मग एखाद्या रविवारी प्रभूचे वचन त्याच्या अंतःकरणास लागते. तो मंडळीपुढे उभा राहतो आणि रडत रडत शपथ घेतो की, आजपासून चिलीमीस हात लावणार नाही.

ती शपथ पुष्कळदा बुधवारपर्यंतही टिकत नाही. मग लोक म्हणतात की, त्याचा पश्चात्ताप ढोंगी होता. पंच त्यास बोलावून दरडावितात, बायको कपाळास हात लाविते, आणि तो मनुष्य लाजेने उपासनेस येणेच सोडून देतो. या पाठात आम्हास एवढेच सांगावयाचे आहे की, असा निवाडा करण्यापूर्वी त्या तीन दिवसांत त्याच्या शरीरात व मनात काय घडले हे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे. जो मनुष्य पुष्कळ वर्षांचा गांजा सोडतो, तो पहिले काही आठवडे बहुधा आजारी असतो. आजाऱ्याची शुश्रूषा करावयाची असते, आणि ती कशी करावी हे शिकता येते.

१. गांजा मेंदूत काय करितो

भांग, गांजा व चरस ही तीन नावे एकाच झाडापासून होणाऱ्या पदार्थांची आहेत. पानांची भांग होते, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा होतो, आणि त्यावरील चिकापासून चरस होतो. या तिहींतील अंमल चढविणारे मुख्य द्रव्य इस्राएल देशातील शास्त्रज्ञ राफाएल मेखुलाम व येखिएल गाओनी यांनी १९६४ साली वेगळे करून ओळखले. त्यास थोडक्यात टीएचसी म्हणतात. पुढे १९९२ साली मेखुलाम यांच्याच प्रयोगशाळेत असे उघडकीस आले की, त्याच्यासारखेच काम करणारे एक द्रव्य मेंदूत मुळातच तयार होत असते. शोधकांनी त्याचे नाव आपल्या संस्कृत भाषेतील ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदमाइड’ असे ठेविले. झोप, भूक, वेदना, भीती व स्मरण यांचा तोल राखण्यात या द्रव्याचा हात असतो. म्हणजे निर्माणकर्त्याने मनुष्याच्या देहात स्वस्थतेचा एक झरा आधीच ठेविला आहे.

आता बीड जिल्ह्यातील वाचकांस हा दृष्टान्त सहज समजेल. दुष्काळात गावास टँकर येऊ लागतो. टँकर रोज येतो म्हणून गावच्या विहिरीकडे कोणी पाहत नाही. तिच्यात गाळ साचतो, झरे बुजतात. एके दिवशी टँकर बंद झाला, तर त्या दिवशी गाव दोन्हीकडून कोरडे पडते. विहीर मेलेली नसते, पण गाळ निघून झरे वाहू लागेपर्यंत काही दिवस तहानेचेच जातात. गांजाचे असेच होते. बाहेरून रोज येणाऱ्या द्रव्यामुळे मेंदूतील ग्रहणस्थाने आपोआप कमी होतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूची यंत्राने तपासणी केली असता ही घट प्रत्यक्ष दिसली. सुमारे चार आठवडे गांजा वर्ज्य केल्यावर ती स्थाने बहुतांशी पूर्ववत झाली, हेही त्याच संशोधनात दिसले. या दुसऱ्या गोष्टीतच आपली आशा आहे.

२. सोडल्यानंतरचे दिवस

टीएचसी शरीरातील चरबीत साठून राहते व सावकाश बाहेर पडते. म्हणून पहिल्या दिवशी त्या बंधूस फारसे काही वाटत नाही. तो म्हणतो, “हे तर सोपे निघाले.” त्रास बहुधा पहिल्या ते तिसऱ्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो, पहिल्या आठवड्यात पराकोटीस पोचतो, आणि दोन आठवड्यांत, कधी त्याहून थोड्या अधिक काळात, ओसरतो. झोपेची तक्रार मात्र महिनाभर किंवा अधिकही राहू शकते.

त्याची चिन्हे अशी : क्षुल्लक कारणावरून संताप येतो, जीव घाबरा होतो, पाय एका जागी ठरत नाहीत, अन्नावरची वासना उडते व वजन घटते, मन खिन्न होते. रात्री झोप लागत नाही, आणि लागली तर भयंकर स्वप्ने पडतात. कित्येकांस डोकेदुखी, पोटात कळा, घाम, थंडी वाजणे किंवा हातांस कंप हेही होते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली आपल्या रोगनिदानाच्या ग्रंथात या अवस्थेस स्वतंत्र स्थान दिले. नित्य ओढणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांस ती भोगावी लागते. सर्वांस ती सारखी होत नाही. जितका गांजा अधिक व जितका नित्य, तितका त्रास अधिक, असे सामान्यतः आढळते.

एवढ्याने मनुष्य मरत नाही, हे घरच्या माणसांस स्पष्ट सांगावे. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली : आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढतात. चिलीम सुटली की तंबाखूचीही तलफ मागे लागते, आणि दोन्ही त्रास एकात एक मिसळतात. दुसरी गोष्ट प्राणाशी संबंध ठेविते. तो बंधू रोज दारूही पीत असेल, तर दारू एकाएकी बंद केल्याने झटके येऊन व भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. अशा मनुष्याने दारू सोडणे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे. शपथ देण्याच्या उत्साहात हा प्रश्न विचारावयाचे कोणा उपदेशकाने विसरू नये.

३. गांजा आणि वेड

गांजाने वेड लागते काय, हा प्रश्न आपल्या भागात फार जुना आहे. मद्यपाननिषेधाचे कैवारी व ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद विल्यम स्प्रॉस्टन केन यांनी १८९३ साली हा विषय तेथे काढिला, आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने चौकशीकरिता एक आयोग नेमिला. त्याच्या सात सभासदांत कपूरथळ्याचे कुंवर हरनाम सिंग हे ख्रिस्ती गृहस्थ होते. आयोगाने १,१९३ साक्षीदार तपासले. मुंबई इलाख्यात गांजा पिकविणाऱ्या प्रमुख जिल्ह्यांत बीडला लागून असलेला अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, जिल्हा होता. तेव्हा ही चौकशी आपल्या शिवेवरचीच होती.

आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांचीही दप्तरे पाहिली. १८९२ सालच्या २२२ रोग्यांच्या नावापुढे वेडाचे कारण गांजा-भांग असे लिहिलेले होते. एकेकाची पुन्हा चौकशी केली तेव्हा त्यांपैकी अवघ्या ९८ जणांच्या बाबतीत त्या कारणास काही आधार आढळला. बाकीच्यांचे कारण पुरेशा तपासावाचून मांडलेले होते. रोग्यास आणणाऱ्या पोलिसाने जे सांगितले तेच पुष्कळदा दप्तरात उतरले होते. यावरून आपण हा धडा घ्यावा की, गावात कोणाचे चित्त फिरले म्हणजे “गांजा ओढून वेडा झाला” असे म्हणून मोकळे होऊ नये. तसे म्हणणे सोपे असते, पण त्याने खरा रोग झाकला जातो व रोगी उपचारावाचून राहतो.

म्हणून गांजा निर्दोष आहे असेही नव्हे. स्वीडन देशात १९६९–७० साली सैन्यात भरतीस आलेल्या ४५,५७० तरुणांची पुढे पंधरा वर्षे नोंद ठेविली. त्याचा निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाला. भरतीच्या वेळेपर्यंत ज्यांनी पन्नासाहून अधिक वेळा गांजा-चरस ओढली होती, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया नावाच्या मानसिक रोगाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले. युरोपातील शहरे व ब्राझील यांतून केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, रोज ओढणाऱ्यांत चित्तभ्रमाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक व फार कडक माल रोज ओढणाऱ्यांत जवळजवळ पाचपट दिसले. ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांस हा रोग होत नाही, हेही तितकेच खरे. परंतु ज्याच्या घराण्यात असा रोग आहे, किंवा ज्याने कोवळ्या वयात चिलीम धरिली, त्यास धोका विशेष आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कित्येक जण आपले जुने दुःख दाबण्याकरिता ओढू लागतात : कर्ज, मूल गेल्याचा शोक, सदाची भीती. गांजा सुटला की ते दुःख उघडे पडते. म्हणून तीन-चार आठवडे लोटल्यावरही खिन्नता उतरत नसेल, तर ती निव्वळ गांजा सोडल्याची आहे असे न समजता डॉक्टरांस दाखवावे. आणि तो बंधू कोणी नसता आवाज ऐकू लागला, घरच्या माणसांवर विषप्रयोगाचा किंवा कटाचा संशय घेऊ लागला, अथवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागला, तर एक दिवसही वाट पाहू नये.

येथे उपदेशक बंधूंस आमची कळकळीची विनंती आहे. असा मनुष्य दिसला की त्यास भूत लागले असे ठरवू नका. मत्तय ४:२४ येथे सुवार्तालेखकाने भूतग्रस्त, फेफरेकरी व पक्षघाती हे निरनिराळे सांगितले आहेत; सर्व दुखणी एका नावात त्याने गोळा केली नाहीत. प्रार्थना अवश्य करा, पण दवाखान्याची गाडी थांबवून करू नका. पौलाचा सोबती लूक हा वैद्यच होता. आणि कोणास बांधून तर मुळीच ठेवू नका. मार्काच्या ५ व्या अध्यायातील मनुष्यास लोकांनी बेड्या व साखळ्या घातल्या होत्या. त्यांनी तो बरा झाला नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत व २८ जण प्राणास मुकले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्यास साखळीने बांधणे मना केले आहे.

४. एलीयास देवाने प्रथम काय दिले

आता शास्त्रपाठाकडे वळू. ईजबेलीच्या भयाने पळालेला एलीया रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. त्याने नुकताच कर्मेल डोंगरावर मोठा विजय पाहिला होता. अशा संदेष्ट्याने खचून जावे, यावर आपण असतो तर त्यास एक लांब उपदेश केला असता. देवाने काय केले ते क्रमाने पाहा. प्रथम त्यास झोपू दिले. मग देवदूताने त्यास स्पर्श केला, आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी होते. तो जेवला आणि पुन्हा निजला. देवदूत दुसऱ्यांदा आला आणि वाट फार लांबची आहे म्हणून पुन्हा खाण्यास सांगितले. तू असा का झालास, असा शब्द त्या जागी उच्चारला गेला नाही. देवाचे बोलणे पुढे होरेबात झाले, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर.

झोप, भाकर, पाणी, हाताचा स्पर्श, आणि दुसऱ्यांदा येणे. गांजा सोडणाऱ्या मनुष्यापासून नेमकी झोप व भूक हिरावली जाते. मंडळीने त्याच्याकरिता चाळीस दिवस राखून ठेविले, तर मेंदू सावरण्याचा जो काळ वर सांगितला तो त्यात बहुतांशी येऊन जातो.

५. मंडळीने काय करावे

(१) शपथेची घाई करू नये. प्रथम विचारावे : किती वर्षांचे व्यसन आहे, दिवसातून किती वेळा ओढतो, दारू पितो काय, घराण्यात कोणास मानसिक रोग होता काय. गरज दिसल्यास आधी डॉक्टरांकडे न्यावे.

(२) दिवस निवडावा. आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. टोळी निघण्याच्या आठवड्यात सोडावयास लावणे म्हणजे त्यास कोपीत, परक्या मुलखात, पाळकावाचून व औषधावाचून ते दिवस काढावयास लावणे होय. पट्टा पडून माणसे गावी परतल्यावर, हाताशी सोबत असता आरंभ करणे बरे. पण ज्यास आजच सोडावयाचे आहे त्यास थांबवू नये. टोळीतील एखाद्या विश्वासू बंधूस त्याच्या सोबतीस द्यावे.

(३) घरच्या माणसांस आधी समजावून सांगावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो ताट भिरकावील, ओरडेल. ते का होते हे बायकोस व आईस ठाऊक असले तर त्यांचे अर्धे भय जाते. तथापि रागाच्या भरात तो हात उगारू लागला तर तिने ते निमूट सोसावे असे आम्ही म्हणत नाही. तिने व मुलांनी त्या रात्री शेजारी जावे, व तेथे त्यांस दार उघडे असावे, ही मंडळीची जबाबदारी आहे. हे काम बायबलबाईने अंगावर घ्यावे.

(४) पहिल्या आठवड्यात दोन बंधूंनी पाळीपाळीने त्याच्याकडे संध्याकाळी बसावे. चिलीम व छापी घरातून काढून टाकाव्या. जुन्या बैठकीच्या वेळी त्यास दुसरे काम असावे. दिवसा अंगमेहनत, रात्री हलके जेवण, भरपूर पाणी. सायंकाळनंतर चहा नको. झोपेच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. गांजा सोडण्याचा त्रास निश्चित थांबविणारे असे एखादे सिद्ध औषध नाही. परंतु झोप व घाबरेपणा यांकरिता डॉक्टर काही दिवस औषध देऊ शकतात, आणि समुपदेशनाचा उपयोग होतो असे दिसून आले आहे.

(५) मदत कोठे आहे हे उपदेशकाच्या वहीत लिहिलेले असावे. बीड येथे जिल्हा रुग्णालय आहे, व अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून मनाच्या दुखण्याविषयी तेथे विनामूल्य बोलता येते. व्यसनमुक्तीकरिता १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापिलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. चांगल्या शोमरोन्याने जखमी मनुष्यास उतारशाळेत पोचविले व तेथील खर्च आपण दिला, हे स्मरून मंडळीच्या वर्गणीतून गाडीभाडे देण्यास कोणी लाजू नये.

(६) कायद्याच्या भीतीने पुष्कळ जण दवाखान्यात जात नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणे गांजा बाळगणे व ओढणे गुन्हा आहे, हे खरे. पण त्याच कायद्याचे ६४-अ हे कलम असे आहे की, ओढण्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य आपण होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर त्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर खटला चालविला जात नाही. मात्र उपचार त्याने पुरा केला पाहिजे. डॉक्टरांस खरे सांगण्यास भिऊ नये.

(७) त्यास साक्ष देण्याकरिता व्यासपीठावर उभे करू नये. निदान चाळीस दिवस तरी नाही. ज्याचे पाय अजून लटपटतात त्याच्या खांद्यावर मंडळीची कीर्ती ठेवू नये.

६. पुन्हा पडलेल्याविषयी

पुष्कळ जण पहिल्या खेपेस पडतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारकरिता केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे, देशात सुमारे ३ कोटी १० लक्ष लोकांनी मागील वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतली होती, व त्यांपैकी सुमारे ७२ लक्षांस या व्यसनाकरिता मदतीची गरज होती. इतके लोक निव्वळ निश्चयाच्या अभावी अडकून पडले आहेत असे कोण म्हणेल?

म्हणून जो पडला त्याच्याकडे दुसऱ्या दिवशीच जावे. किती दिवस राहिला होता हे विचारावे व तेवढ्या दिवसांबद्दल देवाचे उपकार मानावे. कोणत्या वेळी व कोणाच्या संगतीत पडला हे शोधून ती वाट बुजवावी, आणि नवा दिवस ठरवावा. प्रभुभोजनापासून त्यास दूर ठेवावे की नाही हा प्रश्न पंचांपुढे येईल. तेव्हा त्यांनी हेही आपणास विचारावे की, त्या तिसऱ्या रात्री आपल्यापैकी कोण त्याच्यापाशी बसले होते? एलीयाकडे देवदूत दुसऱ्यांदा आला, आणि त्या दुसऱ्या भाकरीच्या बळावर तो होरेबास पोचला.

गरसेकरांच्या देशातील तो मनुष्य शुद्धीवर आला, तेव्हा त्याने प्रभूबरोबर जाण्याची विनंती केली. प्रभूने त्यास घरी, आपल्या माणसांकडे पाठविले. ज्या घराने त्याचे सर्वांत अधिक सोसले होते, त्या घरास तो परत मिळाला. आपल्याही गावांत चिलीमीने ओस पाडलेली घरे आहेत. त्या घरांस त्यांची माणसे परत मिळावी, याकरिता आपणास पुष्कळ दिवस भाकर व पाणी घेऊन जावे लागेल. तितका धीर प्रभू आपणांस देवो.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. गांजा सोडल्यावर त्रास पहिल्याच दिवशी का दिसत नाही, व तो केव्हा वाढतो?
२. शपथ देण्यापूर्वी दारूविषयी का विचारावे?
३. कोणती चिन्हे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे?
४. रतामाच्या झुडपाखाली देवाने एलीयास ज्या गोष्टी दिल्या त्या क्रमाने सांगा. त्यांपैकी आपली मंडळी कोणती देऊ शकेल?
५. आपल्या गावी असा बंधू असेल, तर पहिल्या आठवड्यात संध्याकाळी त्याच्याकडे बसण्यास कोण दोघे जातील? त्यांची नावे आजच ठरवा.